डाव्या कानापुरतं गाणं

आमच्या घरामागचं कापसाची सरकी काढायचं जिनिंग परवा सुरू झालं. पांढरकवड्यात आमच्या गल्लीला हंगाम कळतो तो असा, कानानं. दिवाळीच्या आगेमागे एका सकाळी भिंतीपलीकडून घरघर सुरू होते आणि होळीपर्यंत ती घरातल्या माणसासारखी घरात राहते. आम्ही नकळत तिच्यावर आवाज चढवून बोलायला लागतो. पाहुणे विचारतात, तुमच्यात भांडण झालं का. घरघरीच्या पाठोपाठ रुई येते. खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या चादरींवर, चहाच्या सायीवर. कापसाच्या गाड्यांची रांग चौकापर्यंत लागते, आणि रात्रभर ताडपत्रीखाली दबून राहिलेल्या कापसाचा कोंदट, उबदार वास दाराच्या फटीतून आत येतो.

यंदा तो वास आला आणि मी हातातलं काम टाकून उभी राहिले. गेला हंगाम सगळ्या तालुक्यासाठी कापसाचा होता. आमच्या घरात तो रेकॉर्डींचा होता.

माझे बाबा लाउडस्पीकरवाले. तरुणपणी त्यांनी आणि त्यांचे दोस्त सलीमभाई यांनी मिळून साउंड सर्व्हिस काढली होती. दोन पोंगे, एक अँप्लिफायर, ट्रॅक्टरची बॅटरी, रेकॉर्ड वाजवायची मशीन आणि लाकडी पेट्यांत भरलेल्या रेकॉर्डी. लग्न असो, गणपती असो, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असो, हे दोघं बैलगाडीत नाहीतर मिळेल त्या जीपमध्ये सामान घालून निघत. कधी राळेगावच्या बाजूला, कधी पार ढाणकीपर्यंत. वीज नसलेल्या गावात कडुलिंबावर पोंगा बांधला आणि पहिली रेकॉर्ड लावली की शेतातली माणसं विळा हातात घेऊन बांधावर उभी राहत, असं बाबा सांगायचे. तेव्हा मी जन्मले नव्हते, पण ते सांगताना त्यांचा हात आपोआप वर जायचा, जणू पोंग्याचं तोंड अजून थोडं वळवायचं राहिलंय.

पुढे कॅसेट आल्या, मग डीजे आले. पोंगे भंगारात गेले. सलीमभाईंनी पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकलं, बाबा इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात लागले. रेकॉर्डी मात्र पलंगाखाली राहिल्या. आई दर दिवाळीला पेट्या बाहेर ओढून खालची फरशी पुसायची आणि पुन्हा आत ढकलायची. "या घरात मी आधी आली का ह्या पेट्या आल्या, तेवढंच एकदा सांगा मले," असं म्हणायची. पेट्या आधी आल्या होत्या.

त्या पोंग्यांनी बाबांचे कान नेले. मशीनपाशी बसायची त्यांची जागा अशी की एक पोंगा कायम उजव्या हाताला. साठी उलटल्यावर उजवा कान पार बंद झाला. डाव्याला ऐकायची मशीन लावली, पण तिच्याशी त्यांचं कधी पटलं नाही. "यातून भांडी आयकू येतात, माणसं नाई," म्हणायचे. हळूहळू ते लग्नांना जाईनासे झाले. मग चौकात बसेनासे झाले. मग घरातही, आम्ही काही बोललो तर नुसती मान हलवायची, कळलं असो की नसो. टीव्हीसमोर बसायचे, त्याचा आवाज बंद असला तरी.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मी त्यांना यवतमाळला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीचा कागद बघून डॉक्टर माझ्याशी बोलले, कारण बाबांशी बोलायचं तर ओरडावं लागलं असतं. "डावा अजून आहे," ते म्हणाले. "वरच्या पट्टीचे आवाज गेलेत, मधले आणि खालचे बरे आहेत. पण तोही उतरणार. किती दिवसांत, ते मी सांगू शकत नाही. मोठ्या आवाजापासून जपा."

परतीच्या एसटीत बाबांनी विचारलं, "काय म्हणे तो?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "डावा चांगला हाय म्हणे."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. कपाशी फुटली होती, दोन्ही बाजूंना पांढरंच पांढरं. मग म्हणाले, "चांगला हाय तवरच, असं म्हणला असन."

त्याच दिवाळीत नागपूरहून निखिल नावाचा एक तरुण आला. माझ्या मावसभावाच्या ओळखीचा. त्याला कॅफे काढायचा होता आणि त्याची एक अख्खी भिंत जुन्या रेकॉर्डींनी सजवायची होती. वाजवायच्या नव्हत्या, खिळ्यांवर लावायच्या होत्या. मुलगा सरळ होता, आदबशीर होता. बाबांनी पेट्या बाहेर ओढल्या, त्याला दाखवल्या आणि लगेच हो म्हणाले. संक्रांतीनंतर तो गाडी घेऊन येणार असं ठरलं.

"बाबा, देऊन टाकता?" मी विचारलं.

"मंग काय करू? मले कायले पाहिजेत? बहिऱ्याच्या घरी गाणे."

ते हसून म्हणाले होते. पण पेट्या आत ढकलताना त्यांनी शेवटची पेटी आत ढकललीच नाही. पलंगाच्या कडेला तशीच अर्धी बाहेर राहू दिली. त्या पेटीकडे बघत मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, आणि माझ्या मनानं तिथेच ठरवून टाकलं. संक्रांतीच्या आत बाबांना ह्या रेकॉर्डी ऐकवायच्या. त्यानंतर द्यायच्या तर देऊ देत. आणि ऐकवायच्या तर नीट, खरखर-घरघर नाही, डाव्या कानात जेवढं शिल्लक आहे तेवढ्यात मावेल असा स्वच्छ आवाज. भिंतीमागे जिनिंग चालू असताना स्पीकरवर ते शक्य नव्हतं. त्यासाठी हेडफोनच हवा होता.

मी केळापूरच्या शाळेत गणित शिकवते. रेकॉर्डींतलं मला शून्य कळत होतं, हेडफोन म्हणजे मोबाइलला लावायचा एवढंच माहीत. पण पगारातून घर भागून उरतं ते थोडं असतं, आणि थोड्यात भागवायचं तर आधी समजून घ्यावं लागतं. मधल्या सुट्टीत मी मोबाइलवर वाचायला लागले. ज्यांच्याकडे भरपूर पैसा आहे अशा लोकांनी लिहिलेलंच जास्त. त्यातून गाळून गाळून माझ्या हाती एक गोष्ट लागली. आवाज सुईच्या टोकाशी जन्मतो. तिथे बिघडला तर पुढे कितीही भारी यंत्र लावा, बिघडलेलाच मोठा होतो. म्हणून जे काही पैसे आहेत ते आधी सुईवर, मग हेडफोनवर, आणि मधलं सगळं जमेल तसं.

बाबांची जुनी मशीन सलीमभाईंच्या दुकानात नेली. सलीमभाई आता थकलेत, पण खुर्ची सोडत नाहीत. त्यांनी मशीन उघडली, फुंकर मारली आणि म्हणाले, "बेटा, हे तं मामुली काम हाय. उद्या घेऊन जाजो."

दुसऱ्या दिवशी मशीन फिरत होती. सुईच्या दांडीवर त्यांनी एक नाणं चिकटवलं होतं.

"हे कायले?"

"सुई उडत नाई मंग. आमी सगळ्या लग्नाईत असंच करत होतो. बापाले विचार तुह्या."

मी वाचलं होतं की त्या जड दांडीनं आणि झिजलेल्या सुईनंच रेकॉर्डी घासल्या जातात. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नाण्याकडे बघितलं. "म्हणजे आमी इतके वर्ष गाणे खरडून काढले म्हणतेस?" मग तेच हसायला लागले. "असन बाप्पा. लग्न तं सारे लागले ना पण."

नवी मशीन घेणं शक्य नव्हतं. एका रविवारी मी एसटीनं नागपूर गाठलं आणि जुन्या बाजारात दुकानं पालथी घातली. एका रेडिओवाल्याच्या माळ्यावर एक मशीन मिळाली. झाकण नव्हतं, रबरी पट्टा सैल होऊन लोंबत होता, पण दांडी हलकी, सरळ आणि अगदी निरोगी होती. मांडीवर घेऊन मी ती पांढरकवड्यापर्यंत आणली. बाजूला बसलेल्या बाईनं विचारलं, शिलाई मशीन काय? मी हो म्हटलं.

पट्टा आणि सुई मागवली. सुईतून निघणारा आवाज मुंगीएवढा असतो, तो आधी एका डबीतून मोठा करावा लागतो आणि मग दुसऱ्या डबीतून हेडफोनला द्यावा लागतो. दोन्ही डब्या साध्यातल्या साध्या घेतल्या. हेडफोन मात्र मोठ्या गाद्यांचा, कान अख्खा आत मावेल असा.

मग आमच्या घरानं अडचणींची रांग लावली.

पहिली अडचण गाड्यांची. कापसाचा ट्रक गल्लीतून गेला की जमीन हलायची आणि सुई टुणकन उडायची. सलीमभाई म्हणाले, नाणं लाव. मी नाही म्हटलं. अंगणात शहाबादी फरशीचा एक तुकडा पडून होता. माझ्या स्कूटीच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून घड्या केल्या, त्यावर फरशी, फरशीवर मशीन. मधोमध पाण्याची वाटी ठेवून एका बाजूला पुठ्ठा सारत सारत ती सपाट केली. पुढचा ट्रक आला तेव्हा मी आणि सलीमभाई सुईकडेच बघत होतो. सुई हलली नाही. सलीमभाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुढचे कित्येक दिवस ज्याला त्याला सांगितलं की स्कूटीच्या ट्यूबवर मशीन ठेवायची कल्पना त्यांची.

दुसरी अडचण घूं अशा आवाजाची. मी हेडफोन घालून बसले की गाण्यामागे एक जाड घरघर. मला वाटायचं, जिनिंग आहे, गाद्यांतून आत येतंय, याला काही इलाज नाही. मग एक दिवस अमावास्येला जिनिंग बंद राहिलं. घर इतकं शांत की आईच्या बांगड्या ऐकू येत होत्या. आणि हेडफोनमध्ये घूं चालूच. मी तशीच धावत जाऊन सलीमभाईंना घरी घेऊन आले. त्यांनी मशीनच्या मागची लोंबणारी एक बारीक तार उचलली, डबीच्या स्क्रूखाली दाबली, आणि घूं गेला. "अर्थिंग," ते म्हणाले. "हे आमच्या वेळेलेबी होतं." तेवढ्यावरून त्यांनी नाण्याचा हिशेब बरोबर केला.

तिसरी अडचण आईनं स्वतःहून अंगावर घेतली. रेकॉर्डी इतक्या मळल्या होत्या की नव्या सुईवर पहिल्याच दिवशी धुळीचा बोंडाएवढा गोळा जमला. त्यात हिवाळ्याची कोरडी हवा. रेकॉर्ड पाकिटातून काढली की हवेतली रुई तिच्याकडे ओढल्यासारखी यायची. आईनं दोन दिवस माझी पुसापुशी बघितली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सरक. हे तुह्यं काम नाई."

बॅटरीत टाकायचं शुद्ध पाणी गॅरेजमधून आणलं, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. मधल्या कागदाला पाणी लागू नये म्हणून तिनं त्यावर लोणच्याच्या बरणीचं झाकण दाबून धरायचं ठरवलं. मऊ फडक्यानं, रेषांच्या दिशेनं, गोल गोल. मग नुसत्या पाण्यानं, मग भांड्यांच्या जाळीत उभ्या. खिडकीवर तिनं ओली चादर टांगली, त्यामुळे रुई चादरीला चिकटायची. दुपारभर आमच्या स्वयंपाकघरात ताटांच्या जागी काळ्या तबकड्या निथळत असायच्या.

"एवढं जपून मी तुमचे कपडेबी नाई धुतले कधी," ती बाबांना ओरडून सांगायची.

बाबा ऐकायचे की नाही कोण जाणे. ते येताजाता बघायचे. कशालाही हात लावायचे नाहीत. एकदा मात्र जाळीपाशी थांबले आणि एक रेकॉर्ड उचलून उजेडात तिरपी धरली. "ही एवढी काळी होती?" म्हणाले. "मले तं वाटत होतं मातकट हाय."

पहिल्यांदा ऐकायला बसवलं तो रविवार मला चांगला आठवतो, कारण तो पार फसला. मी बाबांना खुर्चीवर बसवलं, हेडफोन चढवला. गादी कानाच्या मशीनवर दाबली गेली आणि मशीननं अशी शिट्टी मारली की ती आम्हालाही ऐकू आली. बाबांनी हेडफोन ओढून काढला. मी म्हटलं, कानातली मशीन काढा, तशीच ऐका. त्यांनी काढली. पुन्हा घातला. सुई ठेवली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

थोड्या वेळानं त्यांनी हेडफोन शांतपणे काढून मांडीवर ठेवला. "नुसता तबला वाजून राह्यला. गाणारी बाई कोठी गेली?"

बाई उजवीकडे होती. त्या रेकॉर्डवर वाद्यं एका कानात आणि गाणं दुसऱ्या कानात असं वाटून भरलेलं. बाबांच्या मेलेल्या कानाशी ती बाई जीव तोडून गात होती.

"राहू दे ज्योते," ते म्हणाले. "कायले एवढी मरून राह्यली? आन गाणं काय असं एकट्यानं आयकायची चीज हाय? कान झाकून? आमी लावलं तं चार कोसावर जाये. सारं गाव आयके. हे म्हणजे..." हेडफोन माझ्या हातात देऊन ते अंगणात गेले.

मी त्या खुर्चीत बसून राहिले. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटत होतं. गाणं म्हणजे चार माणसांत ऐकायची गोष्ट, हे मीही मानत आले होते. पण तो हेडफोन मी कानाला लावला, सुई पुन्हा पहिल्या रेषेवर ठेवली, आणि ती अदृश्य बाई माझ्या उजव्या कानाशी इतक्या जवळून गायला लागली की मी दचकून वळून बघितलं. तिच्या ओठांचा उघडतानाचा आवाज होता. शब्दाआधी घेतलेला श्वास होता. बाबांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. पोंग्यातून चार कोस जाणारा आवाज वाटेत सगळं बारीकसारीक सांडून जातो. आयुष्यभर त्यांनी गावागावांना गाणी ऐकवली, आणि ह्या पेट्यांत नेमकं काय आहे हे खुद्द त्यांनाच ठाऊक नव्हतं. संक्रांत जवळ येत होती. मी उठले.

दोन्ही बाजू एकत्र करून डाव्या कानात सोडायच्या होत्या. मी वहीत आकृती काढून सलीमभाईंकडे गेले. नुसत्या दोन तारा जोडल्या तर चालत नाही, मध्ये बारीक रेझिस्टन्स लावावा लागतो. त्यांचा हात आता कापतो. मी तार धरली, त्यांनी झाळलं. पहिल्यांदा चिकटलं नाही. दुसऱ्यांदा तार माझ्या बोटाला लागली. तिसऱ्यांदा झालं. मग आम्ही डबीच्या आवाज वाढवायच्या खुंटीवर एक खूण करायचं ठरवलं, डॉक्टरांनी मोठ्या आवाजाची मनाई केली होती म्हणून. माझ्या पर्समधली लाल नेलपॉलिश निघाली. सलीमभाईंनी एक डोळा मिटून ठिपका दिला. "याच्यावरते गेला का मले सांगजो," ते म्हणाले. "बोट छाटतो त्याचं."

बाबांना पुन्हा खुर्चीवर बसवणं अवघड होतं. ते माझ्यानं झालं नसतं. सलीमभाई स्वतः घरी आले, खुर्ची ओढली आणि बाबांसमोर उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, बस. पाठवणीची लावतो."

पाठवणीची रेकॉर्ड म्हणजे लग्नात मुलगी सासरी निघताना लावायची. साऱ्या पंचक्रोशीतल्या मुली त्या गाण्यावर रडत गेल्या होत्या. बाबांनी ती किती लग्नांत लावली असेल याला गणतीच नाही. ते हसले आणि बसले.

सकाळ होती. खिडकीवरच्या ओल्या चादरीतून ऊन गाळून येत होतं. आईनं धुतलेली रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत कडेनं धरून आणली. मी सुई ठेवली.

बाबा आधी सावध बसले होते. मग त्यांचे खांदे खाली आले. मग त्यांनी डोळे मिटले. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, भिंतीमागचं जिनिंग तेवढं. सलीमभाई बाबांच्या बोटांकडे बघत होते. बोटं गुडघ्यावर हलत होती. मध्येच थांबली. बाबांच्या कपाळावर आठी आली, जणू कोणी अनोळखी माणूस घरात शिरलाय. रेकॉर्ड संपली तरी ते तसेच बसून राहिले. मी दांडी उचलली.

"सल्या," ते म्हणाले. हेडफोन कानावर असल्यामुळे फार मोठ्यानं. "यात पुढे अजून एक कडवं हाय रे."

"हाय का?" सलीमभाई म्हणाले.

"मुलगी परत येते. सणाले. माहेरी परत येते त्यात." बाबांनी मशीनकडे बोट केलं. "आपून कधी आयकलंच नाई. पोरगी गाडीत बसली का आपून वायर गुंडाळाले लागो."

सलीमभाईंनी बाबांच्या डोक्यावरून हेडफोन काढला, स्वतः घातला आणि मला म्हणाले, "लाव वं बेटा. पुन्हा लाव."

त्या दिवसानंतर बाबांना सांगावं लागलं नाही. उलट मी शाळेतून यायच्या आधी ते खुर्चीवर तयार असायचे. त्यांनी ठरवलं होतं, एकूण एक रेकॉर्ड ऐकायची. दोन्ही बाजू. वगळायची नाही, आवडली म्हणून लगेच दुसऱ्यांदा लावायची नाही. डॉक्टर मला काय म्हणाले ते मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं, आणि त्यांना ते पूर्ण माहीत होतं. लाल ठिपक्याच्या पुढे खुंटी त्यांनी एकदाही नेली नाही. आई म्हणायची, हे परीक्षेचा अभ्यास केल्यासारखे बसतात. तसंच होतं ते. दहावीची मुलं फेब्रुवारीत जशी बसतात, तसे. एकेक रेकॉर्ड झाली की ते आमच्याशी बोलायचे. हे पुन्हा सुरू झालं याचंच आम्हाला अप्रूप. जेवताना सांगायचे, त्या गाण्यात मागं तंबोरा आहे, मी समजत होतो घरघर आहे. तो पेटीवाला एका जागी चुकलाय बरं, पण सावरलं त्यानं. एकदा रस्त्यात भेटलेल्या दुकानदाराला थांबवून त्यांनी एका गाण्यातली सारंगी समजावून दिली. तो माणूस लोखंडी खिळे विकतो. तोही ऐकत उभा राहिला.

संक्रांतीनंतर निखिल आला. बाबांनी त्याला तिळगूळ दिला आणि त्याच खुर्चीत बसवलं. तो अर्धा तास उठला नाही. उठला तेव्हा हेडफोन त्याच्या हातातच होता. "काका, मी ह्या कशा नेऊ?" म्हणाला.

"नेजो ना. बोललो तं बोललो." बाबांनी एक पेटी पुढे केली. ज्या तडकल्या होत्या, ज्यांच्या रेषा नाण्याच्या काळातच घासून गेल्या होत्या, त्या सगळ्या त्यांनी वेगळ्या काढून, पुसून ठेवल्या होत्या. "ह्या लाव भिंतीले. ह्या दिसाले चांगल्या हायेत. बाकीच्याईचं काम अजून चालू हाय."

निखिलनं वाद घातला नाही. जाताना त्यानं मला विचारलं की सुई कोणती घ्यायची. त्याच्या कॅफेत आता एक कोपरा ऐकण्याचा आहे, असं मावसभाऊ सांगतो.

होळीला जिनिंग बंद झालं तेव्हा बाबांच्या सगळ्या पेट्या ऐकून झाल्या होत्या. मग त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

पण मी सांगत होते ते यंदाचं. श्रावणात बाबांना ताप आला. साधाच, आठवड्यात उतरला. पण उतरताना डाव्या कानातलं बरंचसं घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, आता कानातल्या मशीनचाही फार उपयोग नाही. कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं, सावकाश बोललं तर शब्द पोचतात. गाणं पोचत नाही. हेडफोन घालून बाबा दोन-तीनदा बसले. खुंटी ठिपक्याशी होती. त्यांनी ती तिथून हलवली नाही. हेडफोन काढून, तार नीट गुंडाळून कपाटात ठेवला. मला वाटलं, झालं, पुन्हा टीव्हीसमोर बसतील.

परवा जिनिंग सुरू झालं आणि काल रविवारी दुपारी बाबांनी कपाट उघडलं. हेडफोन काढला, मशीनवरचा कपडा बाजूला केला. पेटीतून एक रेकॉर्ड शोधून काढली. आई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिला हाताला धरून त्यांनी आत आणलं आणि खुर्चीवर बसवलं.

"मले काय समजते त्यातलं?" आई म्हणाली.

बाबांनी तिच्या ओठांवरून ओळखलं असावं. "समजू नको. आयकून मले सांग," म्हणाले. त्यांनी तिच्या कानांवर हेडफोन चढवला, अंबाडा अडकत होता तो सोडवला, आणि सुई ठेवली. मग स्टूल ओढून तिच्या उजव्या अंगाला, डावा कान तिच्याकडे करून बसले.

आईनं दोन्ही गाद्या कानांवर दाबून धरल्या. मग ती त्यांच्या कानाशी वाकली आणि ओरडून म्हणाली, "वाजून राह्यलं काही तरी! पेटीवानी हाय!"

"सारंगी हाय ते," बाबा म्हणाले.

"मंग सारंगी! लांब लांब वढून राह्यला!" कानावर गाद्या, त्यात भिंतीमागे जिनिंग. आईला आपला आवाज कळत नव्हता. समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली. "बाई आली! बाई गाऊन राह्यली!"

"आता थांबन ती."

आईनं डोळे मोठे केले. "थांबली!"

बाबांनी बोट वर केलं. ते बोट हवेत धरून ठेवलं, आणि मग अलगद गुडघ्यावर टेकवलं. त्याच क्षणी आई खुर्चीत दचकली. "तबला आला! तुमाले कसं समजलं?"

बाबा नुसते हसले. त्यांचे डोळे मिटलेले होते. आई सांगत राहिली, चुकीची नावं घेत, आपल्या मनानं शब्द लावत, आणि ते मधूनमधून तिला दुरुस्त करत राहिले. हळूहळू तिचं सांगणं कमी झालं. ती स्वतःच ऐकायला लागली होती. मग तिच्या लक्षात यायचं आणि ती घाईनं वाकून राहिलेलं सांगायची.

बाजू संपली. सुई शेवटच्या रेषेत नुसती फिरत राहिली. बाबांना ते कळलं नव्हतं, त्यांचं बोट अजून गुडघ्यावर ताल धरून होतं. मी दांडी उचलायला पुढे झाले, पण आईनं मला हातानं थांबवलं. तिनं बाबांच्या त्या बोटावर आपला हात ठेवला, कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "थांबा, पलटवते," आणि पदराला हात पुसून उठली.